घड्याळजींनी उपटलेला वेल

घड्याळजींच्या टेबलावर शिस्त मोठी. जे चाक फिरत नाही ते काढून टाकायचं. दुकानात हे ठीकच होतं. पण हाच न्याय त्यांनी परसातल्या करटोलीला लावला आणि पस्तावले.

स्वयंपाकघराच्या खिडकीवर रानातल्यासारखे दोन वेल आपसूक चढले होते. एकाला काटेरी, हिरवीगार करटोली लागत. दुसरा नुसताच फुलायचा. "फुकटखाऊ लेकाचा!" म्हणत घड्याळजींनी दुसरा कंदासकट उपटला.

पुढच्या हंगामात उरलेल्या वेलाची इवली इवली करटोली पिवळी पडून गळू लागली. भाजीवाली मावशी पोट धरधरून हसली.

"अहो, तो नर होता! आता हिला फळ कुठनं धरणार?"

बायकोला मात्र हसू आलं नाही. "करटोली नाहीत ती नाहीतच, वर खिडकीत ह्याची गर्द पानं, भरदुपारी दिवा लावून भाजी चिरायची! येत्या रविवारी हा वेल कापणार म्हणजे कापणार."

घड्याळजींना हे पटेना. चूक आपली आणि शिक्षा त्या बिचाऱ्या वेलीला! शनिवारी दुपारी ते एका गोदामामागच्या कुंपणावरून नर वेलाच्या कळ्या जेवणाच्या डब्यातून घेऊन आले. वाटीभर पाण्यात त्या ठेवल्या, शेजारी घड्याळं पुसायचा बारीक ब्रश.

"दिवेलागणीला दोन्हींची फुलं उमलतील. ह्याच्यातली पूड तिच्या फुलात लावायची, झालं! पण उमलल्या उमलल्या लावायला हवी, असं मावशीनं बजावलंय. दुकान बंद करून मी सहाला हजर."

"हो का," एवढंच म्हणून बायको कात्रीला धार लावायला बसली.

आणि नेमके सहाला पाच कमी असताना हेडमास्तर शाळेचं भिंतीवरचं घड्याळ काखोटीला मारून दुकानात आले. सोमवारी परीक्षा, घड्याळ बंद! घड्याळजींना नाही म्हणवेना. ते टिकटिकायला लागलं तेव्हा साडेआठ वाजले होते, आणि ही वेळ त्यांच्या ध्यानात आली ती त्याच घड्याळाचे काटे लावताना. दुकान बंद करून ते घरी आले.

बायको मागच्या पायरीवर बसली होती. वाटीतल्या फुलांचा चोळामोळा झालेला, ब्रश मात्र बाजूला पडलेला.

"वेलावर सात फुलं होती," ती म्हणाली. "स्टुलावर चढून चढून कंबर मोडली. तुमचा तो ब्रश काही मला जमेना, बोटानंच लावलं."

तिची बोटं पिवळीधमक झाली होती. घड्याळजी तिच्याशेजारी पायरीवर टेकले.

"मग... उद्याची कात्री?"

"हात तर लावून बघा वेलाला!" ती कडाडली. "माझी सात आहेत त्याच्यावर."