मेहरूणचं शेवाळ आणि माझी नायलॉनची साडी

लॅबच्या बेसिनखाली रिकाम्या बाटल्या साचतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण एक दिवस वाकून बघावं तर हा ढीग! किस्स्यांचंही तसंच. जळगावच्या आमच्या कॉलेजात मी लॅब अटेंडंट होते. शिक्षण मॅट्रिक. सगळे मला अक्का म्हणत. ऐंशीच्या दशकात धुळ्याहून बागूल सर आले आणि आमच्याकडे संशयाचाही ढीग साचायला लागला.

*

सर मेहरूण तलावात गुडघाभर पाण्यात उतरून शेवाळ गोळा करायचे. हे शेवाळ साधं नव्हतं. त्याची एकेक पेशी बोटाएवढी लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी! सर तिच्यात केसाहून बारीक काचेची नळी टोचायचे आणि आतली वीज मोजायचे.

तिथे जाळं टाकणाऱ्या एका आबांना हे संशयास्पद वाटलं. तेही पाण्यातच उभे होते.

"काय करी राह्यना, भाऊ?"

"आबा, ह्या शेवाळात वीज असते, ती मोजतो."

आबांनी हातातलं जाळं सोडलं. "बठ्ठं शेवाळ ली जाय भाऊ! पन पहिले माले भाईर निंघू दे!"

*

बाहेरच्या विजेचा त्रास नको म्हणून सरांना त्यांचं यंत्र जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचं होतं. खुराड्याला लावतात ती जाळी त्यांनी बाजारातून आणली. आमचा शिपाई रामदास तडक प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेला. "साहेब, बागूल सर कॉलेजात कोंबड्या पाळताहेत!"

साहेब स्वतः आले. अंगात कडक टेरिलिनचा सफारी. जळगावच्या मे महिन्यातही तो सुटायचा नाही. त्यांनी पिंजऱ्यात पाहिलं, टेबलाखाली पाहिलं.

"कोंबड्या कुठे आहेत?"

"साहेब, कोंबड्या नाहीत."

"मग अंडी?"

*

साहेबांचा संशय काही गेला नाही. "शेवाळासाठी अख्खी खोली? सुट्टी लागायच्या आत काहीतरी दाखवा, नाहीतर खोली जिमखान्याला."

खोली गेली की सरांचं काम संपलं. त्यातच यंत्राची सुई नीट चालता चालता मध्येच उडी मारायला लागली. मग सरही संशय घ्यायला लागले. आधी रामदासवर, मग हॉस्टेलच्या मिक्सरवर आणि शेवटी माझ्यावर!

"अक्का, जरा बाहेर जा. आता आत या. पुन्हा बाहेर."

मी आत आले की सुई उडायची. रडूच यायला लागलं मला. शेवटी सर जमिनीकडे बघत म्हणाले, "अक्का, राग मानू नका. उद्यापासून सुती साडी नेसाल?"

नायलॉनसारखं कृत्रिम कापड अंगाला घासलं की वीज तयार होते, कोरड्या हवेत तर जास्तच. काम करताना पिंजऱ्याची पुढची बाजू उघडीच असायची, सरांच्या सुईला तेवढीही पुरायची.

*

घरी सांगितलं तर आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. "साहेब लोक आता साड्यापण ठरवायला लागले?"

समजावून थकले. "मी येऊनच बघतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून खरंच आले. दारातून आत पाऊल टाकतात तोच सुई उडाली.

सरांनी मान वर न करता विचारलं, "अक्का, टेरिकॉट घालून कोण आलंय?"

*

कॉलेजात कुजबुज झालीच. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "घाबरू नका, अक्का. कुठली साडी नेसायची, हे बागूल तुम्हाला सांगतात?"

मी नायलॉनचं सगळं सांगितलं. साहेब हसले. "कापडानं कधी मशीन बिघडतं का? स्वतःला जमत नाही म्हणून साडीवर ढकलतोय!"

*

सुट्टीच्या आदल्या दिवशी साहेब आले. मागे रामदास, त्याच्या खांद्यावर व्हॉलीबॉलचं नेट. सफारी टेबलाजवळ आला आणि सुई थेट टोकाला जाऊन आदळली.

"बघा! मी हातसुद्धा लावला नाही!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सफारीकडे पाहिलं. बोलणार कोण?

"साहेब, सुई राहू द्या," सर हळूच म्हणाले. "ह्या मायक्रोस्कोपातून बघा."

पेशीच्या आत बारीक कण नदीसारखे वाहत होते.

"खालून पंप लावलाय?"

"नाही साहेब. जिवंत आहे ती."

सरांनी काचेच्या काडीनं पेशीला हलकेच स्पर्श केला. वाहणं जागच्या जागी थांबलं.

"मेली?" साहेबांचा आवाज उतरला.

"दचकलीय. थांबा थोडं."

साहेबांनी डोळा काढला नाही. रामदास नेट घेऊन ताटकळत उभा. बऱ्याच वेळानं साहेब स्वतःशीच पुटपुटले, "हलला... एक हलला... निघाले सगळे!"

मग ते सरळ उभे राहिले आणि निघून गेले. "नेट कुठे ठेवू?" रामदासनं विचारलं. सर डोकं धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी लागली, तरी सकाळी मी परीक्षानळ्या धूत होते. दार जरासं किलकिलं झालं. धोतर नेसलेलं, चुरगळलेला सुती सदरा घातलेलं कुणीतरी उंबऱ्याबाहेर उभं होतं. आधी मी ओळखलंच नाही.

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "अक्का, आता आत आलो तर चालेल ना?"