आरतीला बसत नाहीत

इंग्लंडात, लेस्टरला आईच्या केअर होममध्ये बुधवारी दुपारी म्युझिक थेरपी असते. डिमेन्शियामुळे तिला माझं नाव आठवत नाही, पण आरत्या शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ आहेत. म्हणून थेरपिस्टबाईंनी विचारल्यावर मी त्यांना आरत्यांचं रेकॉर्डिंग दिलं, व्यवस्थित लेबल लावून.

सोमवारी मॅनेजरबाईंचा फोन. "सेशनमध्ये तुमची आई ॲग्रेसिव्ह होते. सारखी उठते, बसवायला गेलं की हात झटकते. जीपीशी, म्हणजे तिच्या डॉक्टरांशी बोलून शांत ठेवायचं औषध सुरू करावं म्हणतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हिपच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलात अशाच गोळ्यांवर ती दिवसभर मान टाकून बसायची. भरवलेला घास तोंडात तसाच. पुन्हा ते होऊ देणार नव्हते. ऑफिसात रजा टाकली आणि बुधवारी लेस्टर गाठलं.

आरती लागली. आईनं खुर्चीचे हात धरले, उठली, टाळ्या सुरू. देखभालीला असलेली केअरर धावली. "सिट डाउन, डार्लिंग." खांद्यावर हात ठेवून खाली दाबायला लागली. आईनं तो झटकला.

"आरतीला बसतात होय गं? ऊठ, तूपण ऊठ!"

केअररला मराठी कळायचं कारण नव्हतं. मॅनेजरबाई मात्र माझ्याकडे वळल्या. "पाहिलंत ना?"

"पाहिलं. आरतीला उभंच राहायचं असतं. चर्चमध्ये गाण्याला उठणाऱ्यांना तुम्ही कोणती गोळी देता?"

"पण ती पडली तर?"

"मग धरा ना! खाली दाबायला माणूस मिळतो, उभं धरायला मिळत नाही?"

थेरपिस्टबाईंनी हळूच विचारलं, "बसून ऐकायचं काही नाही का तुमच्यात?"

"ढीगभर आहे. तिला हे येतं."

"ए, बडबड पुरे," आई कडाडली. "पुढची लावा."

मॅनेजरबाई नमल्या, पण अर्ध्याच. औषध तूर्त नको. मात्र घरचं कोणी हजर असेल तेव्हाच उभं राहू देऊ. म्हणजे मी नसेन त्या बुधवारी आईला आरतीत दाबून बसवायचं, आणि तिनं हात झटकला की पुन्हा जीपीला फोन.

मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि केअररला म्हटलं, "इकडे ये. कोपराखाली हात घाल. ओढायचं नाही, नुसतं धरायचं. आता आरती संपेपर्यंत सोडू नकोस."