खापर आणि गॅसची शेगडी

सासूबाई कळसाडीचं घर दिराकडे सोपवून आमच्या लोणखेड्याच्या नव्या स्लॅबच्या घरात राहायला आल्या, त्याला आता वर्ष होत आलं होतं. पण अजून गॅस पेटवायचा तर त्या मला विचारायच्या. चहा करायचा तरी "तुन्हा गॅस पेटाडू का?" घर तुन्हं, फ्रीज तुन्हा, पंखासुद्धा तुन्हा. मला याचा संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटायचं. त्यांनी हे घर आपलं म्हणावं म्हणून मी काय काय केलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. उष्मागतिकीचा धडा आला की पोरांना सांगते, गरम आणि थंड अशा दोन वस्तू एकमेकींना चिकटवून ठेवा, हळूहळू दोघींचं तापमान एक होणारच. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "मॅडम, किती वेळात?" त्याचं उत्तर उष्मागतिकीकडे नाही. होणार एवढंच ती सांगते. घरी सासूबाईंकडे बघून मला हे फार पटायचं.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली. नणंद सुरतेहून माहेरी येणार होती आणि तिची मागणी एकच, मायच्या हातचे मांडे. पुरण भरलेली कणीक तळहातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायची आणि पालथ्या मातीच्या खापरावर टाकायची, हे काम सासूबाईंनी करावं आणि बाकीच्यांनी बघावं. पण कळसाडीला चूल होती. इथे गॅस.

त्यांनी सकाळी खापर शेगडीवर पालथं ठेवलं आणि पहिला मांडा टाकला. मधोमध काळा डाग, कडेला कच्ची कणीक. मी शहाणपणा करून आच वाढवली. दुसऱ्याला तर मधोमध भोकच पडलं, कडा होत्या तशाच. सासूबाईंनी पुरणावर ओलं फडकं टाकलं. "मधमा बयना, कडाले कच्चा ऱ्हायना. ऱ्हाऊ दे व माय. तुन्हं घर, तुन्ही शेगडी. इकत लई या."

इकत! विकतचे मांडे, आखाजीला, लेक घरी आलेली असताना! मला कळलं की आज फडकं पडलं ते पडलं, पुन्हा त्या या घरात खापराला हात लावणार नाहीत. माझं डोकं सणकलं.

"आई, जरा थांबा. हाई मन्हा धंदा शे."

मातीतून उष्णता सावकाश पुढे सरकते. लोखंडी तव्यासारखी ती चटकन कडेपर्यंत पोचत नाही. गॅसची ज्योत एकाच जागी, म्हणून मध्ये जाळ आणि कडेला दुष्काळ. चुलीत मात्र जाळ सगळीकडे पसरतो, गरम हवा वर चढून खापराच्या पोटात कोंडते आणि ते काठापर्यंत तापतं. म्हणजे शेगडी खाली आणि खापर उंचावर हवं. मी प्रवासातली लहान शेगडी ओट्याखालून काढून जमिनीवर मांडली, गच्चीवरून विटा आणल्या, भोवती रचल्या, हवेला एका बाजूने वाट ठेवली, वर खापर पालथं घातलं, आणि हे सगळं करता करता मोठ्याने शिकवतही होते.

"पोरेसले शिकाडस ते मन्हा मांडाले शिकाडी ऱ्हायनी का?" सासूबाई म्हणाल्या. पण पाट ओढून त्या शेगडीसमोर बसल्या होत्या.

मग आम्ही वाट पाहिली. मला घाई, त्यांना मुळीच नाही. विटा थोड्या पुढे घे, आच कमी कर, असं त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. शेवटी त्यांनी काठाजवळ चिमूटभर पीठ टाकलं. ते मधल्या पिठासारखंच हळूहळू लाल झालं. त्यांनी फडकं काढलं.

तिसरा मांडा काठापासून काठापर्यंत सारख्या ठिपक्यांनी फुलला. नणंदेने तो लगेच आमरसात बुडवला आणि तोंड भरलेलं असताना काहीतरी बोलली, ते कुणालाच कळलं नाही. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. घामाने साडी अंगाला चिकटली होती, बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत आमची भट्टी, पण कुणाला त्याचं काही नव्हतं.

पाचवा-सहावा मांडा असेल. आच जरा जास्त वाटली म्हणून मी शेगडीकडे हात नेला. सासूबाईंनी पिठाच्या हाताने फटका मारला.

"हात काढ व! मन्ही शेगडी शे हाई. तू जाय, ताटं वाढ."

मी हात चोळत बाहेर आले. नवरा आंबे पिळत बसला होता. त्याला म्हटलं, "आई आल्या आपल्याकडे राहायला."