चौथी विनाशिका

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. बसा जरा — मला हे एका दमात सांगता येणार नाही.

मी मालवणात पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जातो. थंडीत पाणी निवळलं की आठ वाव, म्हणजे पन्नासेक फूट खोल, तळाशी, शेवाळलेलं लोखंड दिसतं. ते मी दाखवतो. इटलीची विनाशिका, महायुद्धातली. होडीतच सगळी कथा सांगून टाकतो — दोन युद्धांच्या मधल्या काळात इटलीने बांधलेल्या तीन बहिणी, नावं सिंह, वाघ आणि बिबळ्या, प्रत्येकीवर आठ तोफा. युद्धात कोंडी झाली तेव्हा एक खडकावर चढली, उरलेल्या दोघींना त्यांच्याच खलाशांनी बुडवलं. इथपर्यंत खरं आहे. एक पाहुणा पुस्तक विसरून गेला होता, त्यात वाचलं. पुस्तकात तिघीही तांबड्या समुद्रातच संपतात. चौथी माझी. ती निसटून आमच्या किनाऱ्यापर्यंत आली आणि बरीचशी वाळूत गाडली गेली, असं मी सांगतो.

थापच ना ही? आणि गाइड म्हटला की थापा आल्याच. पण एवढंच असतं, तर तुम्हाला बसवून घेतलं असतं का?

त्या लोखंडात एक पंखा आहे, बोट ढकलणारा. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वर आल्यावर म्हणाले, विनाशिकेला हा फारच लहान. मी हसून म्हटलं, तिच्यावरच्या छोट्या होडीचा असेल. त्यांना पटलं. मला मात्र तो पंखा पाठ आहे. त्याचं एक पातं वाकलं होतं, ते मी आणि गुरूने ठोकून सरळ केलं होतं. गुरू माझा मित्र. अकरा वर्षांपूर्वी वादळात त्याचा ट्रॉलर गेला — त्याच्यासकट. कुणाला काही मिळालं नाही.

मला मिळालं. चार वर्षांनी. बरोबर पुण्याचे दोघे होते. वर येऊन त्यांनी विचारलं, हे काय आहे हो? आणि माझ्या तोंडून विनाशिका बाहेर पडली. का? खरं बोललो असतो तर पोलीस आले असते, जागा बंद झाली असती. मेलेल्या माणसाच्या जागी मौजेला कोण उतरतं? भीतीही वाटली, नाही असं नाही. पण आधी धंदा आठवला.

गुरूची आई, शेवंताकाकी, बाजारात मासे विकते. तिने मुलाचं दिवसकार्य केलेलं नाही. देह नाही तर पुतळा करून दहन कर, असं भावकीने किती वेळा सांगितलं. तिचं उत्तर एकच, "एक फळी तरी गावांदे, मगे बघूया." मी तिथे उभा राहून मान डोलावली आहे. फळ्या कुठे आहेत, हे ठाऊक असताना.

मग माझी विनाशिका बाजारात पोचली. काकीने मला हाक मारली. बांगडे निवडता निवडता म्हणाली, "दिगू, त्या इटलीवाल्यांच्या आवशींका कळला आसतला काय रे, झील खंय बुडले ते?"

मुलं कुठे बुडाली हे त्यांच्या आयांना कळलं असेल का, असं ती मलाच विचारत होती. तिने पाटीखालून नारळ काढून माझ्या हातात दिला. "ह्यो थंय सोड. त्येंचा कोण आसा हंय?"

तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला ती दोन नारळ आणते. एक स्वतः किनाऱ्यावरून सोडते, गुरूच्या नावाने, कुठल्या दिशेला सोडायचा ते ठाऊक नसल्यामुळे समोरच. दुसरा माझ्याकडे देते, परक्या पोरांसाठी. मी होडी घेऊन जातो आणि तो तिच्याच मुलावर सोडतो. यंदाही सोडला.

परत आलो की ती किनाऱ्यावरच बसलेली असते. विचारते, "पोचयलंस?"

मी होय म्हणतो.