ओल्या पंच्यातली बोजोले

मे महिन्यातल्या हैदराबादेत रेड वाइन कशी प्यावी हे साऱ्या शहरात एकाच माणसाला कळत होतं, आणि तो माणूस स्वतः थेंबभरही पीत नव्हता. ते माझे घरमालक. हिमायतनगरात त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी सात वर्षं राहतोय. भूमापन खात्यातून काका निवृत्त झाले, बायपासनंतर डॉक्टरांनी पिणं बंद केलं, तेव्हा त्यांनी नुसता वास घ्यायला सुरुवात केली. कॅनडातली मुलगी दर उन्हाळ्यात येताना फ्रान्सच्या बोजोले भागातली एक बाटली आणायची. त्या दिवशी काका दुसऱ्यांदा आंघोळ करत. बाटलीला ओला पंचा गुंडाळून ती पूर्वेच्या खिडकीत ठेवायची, पंचा सुकत आला की पुन्हा भिजवायचा, आणि कुणी मोठ्यानं बोललं तर "हळू रे, तिला झोप लागतेय," म्हणून दटावायचं. फ्रिजचं नाव काढलं की म्हणत, "त्यात भेंडी ठेवतात." मग पेला नाकाशी धरून डोळे मिटत आणि तो माझ्या हातात देत. "सांग, चेरी लागते का?" चेरी मी केकवरचीच खाल्लेली. घाबरून मी हो म्हणायचो.

फ्रान्स त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण बोजोलेचा नकाशा त्यांनी गावनकाशासारखा स्वतः काढला होता, ओढे, पायवाटा, चढउतारासकट. "हे फ्लरी, हे मॉर्गाँ. खाली सगळा गुलाबी ग्रॅनाइट. आपल्या बंजारा हिल्सचाच भाऊ!" तिथले लोक द्राक्षं न चुरडता घड अख्खेच टाकीत सोडतात, म्हणून ती वाइन हलकी आणि उन्हाळ्यात गार प्यायची, हे ते मला इतक्यांदा सांगत की मला झोपेतही आलं असतं. मी तासगावकडचा, घरच्या द्राक्षबागेत माणूस कमी पडतो म्हणून आठवीत शाळा सुटलेली. हे मी कुणाला सांगत नसे. काकांनी मात्र माझ्याकडून छाटणी वहीत लिहून घेतली आणि मला "द्राक्षवाले" म्हणायला लागले. एकदा म्हणाले, "बोजोलेचं हे गामे द्राक्ष वरच्या बर्गंडीतून एका ड्यूकनं हाकलून दिलं. हलकं म्हणून. मग खाली दक्षिणेत येऊन रुजलं. ऐकतोयस ना?" मी ऐकत होतो.

मी एका हॉटेलात वेटर होतो, महिनाअखेर कायम करणार की काढणार ते ठरायचं होतं. अशात एका दुपारी हॉलचा एसी बंद पडला आणि पाहुण्यांनी नेमकी बोजोले मागवली. बाटली हाताला कोमट लागली. मी ती बर्फाच्या बादलीत ठेवली. मॅनेजरनं पाहुण्यांसमोर ती बाहेर काढली. "रेड को बरफ? स्कूल गए थे क्या कभी?" सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. आत नेऊन म्हणाले, सामान बांधून ठेव. घरी येऊन मी खरंच बॅग काढली. मी झालेलं सांगत गेलो, काका दारात उभे राहून सगळं ऐकत होते. "शनिवारी तुझी ड्युटी दुपारची ना?" एवढंच विचारलं.

शनिवारी ते आले. भर उन्हात, मुलीच्या लग्नातला बंद गळ्याचा कोट घालून. बोजोले मागवली. मॅनेजरनं मला बाजूला सारून स्वतः ओतली. काकांनी पेला हातात धरला आणि बोट त्याच्या पोटाला लावलं.

"मियाँ, इसको तो बुखार है."

"सर, रेड रूम टेंपरेचर पे ही देते."

"किसका रूम? फ्रान्स के पहाड का, या हमारे हिमायतनगर का? मेरे रूम में मई में चाय भी ठंडी नै होती!"

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. मॅनेजरनं नाइलाजानं बर्फ मागवला. वीस मिनिटं काका कागदी रुमालावर नकाशा काढत बसले. मग दुसरा पेला ओतायला लावला आणि दोन्ही मॅनेजरच्या नाकाशी धरले. आधी कोमट, मग गार. मॅनेजर दुसऱ्या पेल्यावर जरा जास्तच वेळ थांबले. "आपको किसने सिखाया?" त्यांनी हळूच विचारलं. काकांनी माझ्याकडे बोट केलं. "मैं नक्शेवाला हूँ. अंगूर का आदमी ये है."

पेला तसाच भरलेला ठेवून ते कोट सावरत गेले. गर्मीत रेड बर्फात ठेवायचं काम त्या दिवसापासून माझ्याकडे आलं. बॅग मी परत पलंगाखाली ढकलली, पण महिनाभर रिकामी केली नाही, माझा स्वभावच तसा.

गेल्या हिवाळ्यात मुलगी त्यांना कायमचं कॅनडाला घेऊन गेली. खाली कुलूप, किल्ली माझ्याकडे. परवा फोन आला. "इथे कपाटातली बाटलीसुद्धा आपोआप गार असते रे," काका म्हणाले. "मला करायला काही उरलंच नाही." मग विचारलं, "तिकडे ऊन कसंय?"

"भाजतंय, काका."

"मग लावलीस का खिडकीत?"

मी खाली त्यांच्याच पूर्वेच्या खिडकीशी उभा होतो. तिथे त्यांचा पंचा गुंडाळलेली माझी पाण्याची बाटली होती. मी पंच्यावरून हात फिरवला.

"लावलीय."

"सुकू देऊ नकोस. गार झाली का बघ."

"झाली, काका," मी हळूच म्हणालो.