चिंचेनं घासलेला सम्राट

माझी मुलगी एक आठवडा सोडून शनिवार-रविवारी फ्रँकफर्टहून माझ्याकडे नेकारसुल्मला येते. एरवी ती आईकडे असते; आई आणि आईचा जर्मन नवरा. माणूस चांगला आहे. हे लिहायलाही मला जड जातं.

मागच्या खेपेला तिनं त्यानं वाढदिवसाला दिलेलं रोमन नाणं आणलं होतं. कांस्याचं, हिरवट, त्यावर उघड्या डोक्याचा एक पुरुष.

"हा खरा सम्राट नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. "सेनापती होता. मेजवानीतून उठून गेला आणि जांभळा झगा घालून परत आला. खरा सम्राट पळाला, त्याला मारलं. याची नाणी सुरू."

"म्हणजे गादी बळकावली."

"गेनाऊ." तिनं मान डोलावली.

"आणि मुकुट?"

"नाही घातला. पण केस बघ, बाबा! तुझ्यापेक्षा बरे आहेत."

खूप दिवसांनी आम्ही दोघं मोठ्यानं हसलो.

रविवारी सकाळी ती झोपली होती. देवाचं ताम्हन घासायला मी चिंच भिजवली होती. तांब्यावर हिरवं चढलं की घासायचं, एवढंच मला घरून माहीत. उठल्यावर तिला नाणं लखलखीत दिसावं, म्हणून तेही मीठ-चिंचेत टाकलं.

हिरव्याबरोबर केस निघू लागले, मग नाकाची कड. तो थर म्हणजेच चेहरा होता, हे तेव्हा कळलं. अर्धा चेहरा अजून शाबूत होता. मी थांबलो नाही. तो मला पुसायचा होता.

तिनं गुलाबी, गुळगुळीत चकती हातात घेतली. "तुला माहीत नव्हतं ना, बाबा?"

"नव्हतं," मी म्हणालो.

स्टेशनवर तिनं मला नेहमीसारखी मिठी मारली.

मंगळवारी तिच्या आईच्या नवऱ्याचा फोन आला. पहिल्यांदाच. "ती फार रडतेय. नाणं स्वतःच धुतलं असं म्हणते. मी रागावलेलो नाही, पण तिला पटत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगाल का, की तिची काही चूक नाही?"

खरं सांगायला याहून सोपी जागा मिळाली नसती.

"हो," मी म्हणालो, "सांगतो."

मग तिला फोन केला आणि तिची काही चूक नाही, एवढंच सांगितलं. तिनं आभार मानले, "डांके, बाबा." मराठीत काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबलो. तिनं फोन ठेवला होता.