दोन वार आणि तीन वारच्या मध्ये

उजव्या हाताची दोन बोटं वर धरायची, "दोन वार" म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं, ही काकांची रीत. संग्रामपूरच्या बाजारात ते धान्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, बोलत. मी तिथल्याच कचेरीत कारकून. "तीन वार" म्हटलं की सौदा पक्का. पण तीन म्हणायची त्यांना घाई नसे. व्यापारी चुळबुळत, घाम पुसत आणि शेवटी कुणीतरी भाव वाढवीच.

"तीन म्हना ना भाऊ, जेवाले जाऊ द्या."

"म्हंतो ना. भूक वाढू द्या जराशी."

हाच माणूस दम्याचा पंप मात्र असा मारी की बघवत नसे. फुस, फुस, दोन्ही एकापाठोपाठ, आणि निघाले ढिगाकडे. पंप तेव्हा नवलाचा, अकोल्याहून मागवावा लागे. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं: एक दाबा, श्वास आत धरा, मिनिटभर थांबा, पंप हलवा, मग दुसरा. नाहीतर औषध वाया जाईल आणि हर्रास कायमचा सोडावा लागेल. मी हे ठळक अक्षरात लिहून काट्याजवळ चिकटवलं. काकांनी त्यावर टोपी अडकवली.

अशा माणसांपुढे आपल्यासारख्यांनी करायचं तरी काय?

"काका, तिथं थांबता, मग इथं काऊन नाही थांबत?"

"तिथं कास्तकाराचा माल असते, साहेब. इथं माह्या छातीले कोन वाढवून देते?"

एका बाजारी शेवटचा ढीग एका म्हातारीच्या ज्वारीचा होता. "दोन वार" झालं आणि काकांचा श्वास अडकला. त्यांनी पंप एकदा दाबला, बोटं तशीच वर. ओठ निळसर पडले होते. व्यापाऱ्यांना वाटलं, नेहमीचीच चाल. एकाने रुपया वाढवला, मग दुसऱ्याने. काका हलले नाहीत. चांगलं मिनिटभर गेल्यावर त्यांनी पंप हलवला, पुन्हा दाबला, श्वास धरला, सोडला आणि खणखणीत म्हणाले, "तीन वार."

"पाहा, येते की नाही थांबता?" मी चिडून म्हणालो.

"आज माल चांगला होता," ते म्हणाले.

पुढच्या बाजारी पुन्हा फुस, फुस. दिवाळीआधी त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

हर्रास बोलणारा नवा माणूस चटपटीत होता, दोनच्या पाठोपाठ तीन म्हणे. पहिल्याच दिवशी एका कास्तकाराने, पोत्याची सुतळी अजून हातात असताना, मला विचारलं, "झाला? इतक्यात?"

मी त्याला पावती दिली.